घाण्याचा क्रमांक

बिस्किटांचा पुडा घरी आला म्हणजे आपण दोन गोष्टी पाहतो : किंमत आणि तारीख. त्यांच्या शेजारी, पुष्कळदा घडीत अर्धवट दडलेली, अंक-अक्षरांची एक ओळ असते. तिला बॅच नंबर म्हणतात. आपल्या बोलीत घाण्याचा क्रमांक. पुड्यावरचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर माझ्या मते तोच होय.

चित्र, नाव, १४ आकडी अन्न-परवाना हे सारे छापखान्यात अगोदरच छापून होते. काळ्या पट्ट्यांचा बारकोडही तसाच. तो वस्तूचा प्रकार सांगतो. आज भरलेल्या नि महिन्यापूर्वी भरलेल्या पुड्यावर तो एकच. ८९० ने सुरू होणारा माल भारतातच झाला, ही समजूतही खरी नव्हे. क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

घाण्याचा क्रमांक मात्र माल भरतानाच उमटवावा लागतो. पूर्वी रबरी शिक्का असे. आता पुष्कळ ठिकाणी शाईच्या फवाऱ्याचे यंत्र असते. शाईची बारीक धार कंपनाने थेंबाथेंबांत तुटते, सेकंदाला हजारो. ज्या थेंबाला विजेचा भार दिला तो दोन पत्र्यांमधून जाताना वळतो आणि पुड्यावर बसतो. उरलेले टाकीत परत जातात. यंत्राचे तोंड वस्तूला शिवतही नाही, म्हणून अंड्यावरसुद्धा अक्षर उमटते. शाई चटकन वाळावी म्हणून तीत बहुधा मेथिल इथाइल कीटोन घालतात. त्याने डोळे चुरचुरतात, आणि ते झटकन पेट घेते. यंत्रापाशी वाऱ्याची सोय हवी, हे आमचे भांडण त्यासाठीच आहे.

एवढा खटाटोप कशाला? समजा, क्रमांक आहे ०४५बी२. प्रत्येक कारखान्याची रीत निराळी. परंतु याचा अर्थ वर्षाचा ४५ वा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी, दुसरी पाळी, दोन नंबरचे यंत्र, असा असू शकतो. मालात खोट निघाली तर तेवढाच घाणा दुकानांतून परत बोलावता येतो. परत बोलावण्याचे स्वतंत्र नियम आपल्याकडे २०१७ साली झाले; पण क्रमांक पुसट असेल तर नेमके काय बोलावणार?

एका कारखान्यात फरसाण खारट झाल्यावरून रात्रपाळीच्या कामगारांना नोटिसा मिळाल्या. आम्ही परत आलेली पाकिटे मागितली. क्रमांक दिवसपाळीचा निघाला! दिवसपाळीवाल्यांचाही दोष नव्हता. मिठाचा काटाच बिघडला होता. नोटिसा मागे घेतल्या गेल्या, काटा बदलला गेला.

तेव्हा पुडा कापताना ती ओळ राखून कापावी, आणि तक्रारीत ती जशीच्या तशी उतरून द्यावी. वाण्याने बरणीत ओतलेल्या मालाचा क्रमांक मात्र रिकाम्या डब्याबरोबर भंगारात गेलेला असतो.