वारसांचा रकाना

बँकेत असताना मयत खातेदारांच्या वारसांचे अर्ज माझ्या टेबलावर येत. विधवा नवऱ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असली, की वारसांचा रकाना बहुधा पुरत नसे. पुरवणी कागद जोडावा लागे.

डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ३७ संस्कृतींची पाहणी प्रसिद्ध केली. बायको लहान हवी, हे पुरुषांनी सगळीकडेच सांगितलं. पण किती लहान? झांबियात सात वर्षांनी, फिनलंडमध्ये वर्षभरानेही नाही. झांबियात तेव्हा बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत, फिनलंडमध्ये दोनही नाहीत. (शिक्षणाचा आणि पैशाचाही त्यात हात असणारच.)

माझ्या मुलीने स्वतःहून वर्षाने लहान मुलगा पसंत केलाय. मूल एकच, हेही दोघांचं ठरलंय.

"अहो, त्याने तिला विचारलं तरी!" बायको म्हणाली.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आम्हाला तीन मुलं. मी गप्प बसलो.