कम्पायलर कोणता घ्यायचा?

परवा खामगावात भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. एक प्रोग्राम सोर्सवरून बांधायला घेतला, तर एररची रांगच लागली. "मामा, लॅपटॉप गेला का?" गेला नव्हता. कम्पायलर वेगळा हवा होता.

फ्रीबीएसडीत पूर्वी जीसीसी हा कम्पायलर असायचा. 2007 मध्ये त्याचा परवाना जीपीएल 3 झाला. तो परवाना नको म्हणून फ्रीबीएसडीवाल्यांची गाडी जीसीसी 4.2.1 वरच थांबली. 2014 च्या फ्रीबीएसडी 10.0 आवृत्तीपासून आपल्या नेहमीच्या पीसीवर त्याच्या जागी क्लँग हा कम्पायलर आला. क्लँगचा पाया असलेल्या एलएलव्हीएमच्या जनकांपैकी विक्रम अडवे हे आयआयटी मुंबईत शिकलेले!

मग निवडायचं कसं?

🔹 आधी क्लँग. बहुतेक सॉफ्टवेअर त्यावर बांधून होतं.

🔹 फंक्शनच्या आत फंक्शन, अशा खास जीसीसीच्या सोयी कोडमध्ये असतील तर फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स संग्रहातून जीसीसी घ्या. आमचं घोडं इथंच अडलं होतं.

🔹 सी++ असेल तर जपून. दोघांच्या स्टँडर्ड लायब्रऱ्या वेगळ्या. एक भाग इकडचा, एक तिकडचा केला की लिंक करताना बिनसतं.

आणि एरर वाचताना पहिली ओळ बघा, शेवटची नाही.

तुमचं काही अडलं असेल तर कमेंटमध्ये टाका, मिळून बघू.