औषध उतरतं कधी?

निफाडच्या द्राक्षबागेत जानेवारीत प्रयोगशाळेचा माणूस रेसिड्यूसाठी नमुना घेतो, तेव्हा तो देखणे घड शोधत नाही. अख्खा प्लॉट फिरून एखादा उन्हातला, एखादा पानाआडचा घड कापतो. उन्हातल्या मण्यावरचं औषध लवकर तुटतं, सावलीतलं रेंगाळतं, आणि थंडीत तुटण्याचा वेग मंदावतो.

पुढे त्या मण्यांचा लगदा करून त्यातले अंश मोजतात. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचीच मुभा आहे. समजा, फवारणीनंतर मण्यांत किलोमागे ०.६४ मिलिग्रॅम औषध आहे आणि दर पाच दिवसांनी ते निम्मं होतं. तरी ०.०१ वर यायला तीस दिवस लागतात. मात्रा दुप्पट केली की आणखी पाच. लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी शिफारशीच्या मात्रेसाठी असतो, हे ब्लोअरची टाकी भरताना नेमकं विसरलं जातं.

फुलोऱ्यात मारलेल्या औषधाला मणी फुगण्याचाही फायदा मिळतो. तेवढाच अंश वाढत्या वजनात विरळ होतो. मणी तयार झाल्यावर ती सोय उरत नाही. आंतरप्रवाही औषध तर रसात उतरलेलं असतं. ते धुऊन जात नाही.

शिवाय तुटणं म्हणजे संपणं नव्हे. अ‍ॅसिफेट झाडात तुटून मेथामिडोफॉस तयार होतं, आणि ते मूळ औषधापेक्षा जहाल असतं. फवारलं एक आणि अहवालात दिसलं दुसरंच, असं होतं ते यामुळे.

मातीचा हिशेब आणखी लांबतो. ओल आणि ऊब असलेल्या जिवंत मातीत जिवाणू मॅलॅथिऑन काही दिवसांत फोडतात. ड्रिपमधून सोडलेलं इमिडाक्लोप्रिड मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक टिकतं. डीडीटीचा शेतीतला वापर भारतात १९८९ मध्ये बंद झाला. मातीच्या कणांना चिकटून बसलेल्या डीडीटीचं डीडीई होतं आणि तेही वर्षानुवर्षं हटत नाही.

निर्यातीचा प्लॉट तपासणीत पास झाल्याशिवाय माल जात नाही. आपल्या बाजारातल्या वांग्या-भेंडीच्या प्रत्येक पाटीला अशी चाळणी नाही. म्हणून शेतकरी मित्रांनो, प्रत्येक फवारणीची तारीख आणि मात्रा वहीत लिहा, आणि भाव चढलेला असला तरी कालावधी पुरा झाल्याशिवाय तोडा करू नका.