चार बोल्ट आणि एक युनियन

पुढच्या वेळी विमानात खिडकीची सीट मिळाली की रील काढण्याआधी शेजारच्या भिंतीकडे एकदा बघा. ती कुणीतरी हातानं जोडलेली आहे. त्या माणसाच्या मागे घाईचा तगादा होता का, ‘हे काम नीट झालेलं नाही, थांबा’ असं म्हणायची त्याला सोय होती का, यावर तुमचा जीव अवलंबून असतो.

५ जानेवारी २०२४. अमेरिकेतल्या पोर्टलंडहून अलास्का एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मॅक्स ९ विमान उडालं. काही मिनिटांतच, सुमारे १६ हजार फुटांवर, त्याच्या भिंतीचा एक तुकडा निखळून बाहेर फेकला गेला. वापरात नसलेल्या दरवाजाच्या जागी बसवलेलं ते पॅनल होतं. आत १७१ प्रवासी होते. भगदाडाला लागून असलेल्या सीट नशिबानं रिकाम्या होत्या, म्हणून सगळे वाचले. तपासात कळलं की पॅनल धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. रेंटनच्या कारखान्यात रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी पॅनल उघडलं, परत लावताना बोल्ट राहिले आणि ते उघडल्याची नोंदही कुठे नव्हती.

तुम्ही म्हणाल, ही तर कामगाराची चूक, यात युनियनचा काय संबंध? शिवाय रेंटनमध्ये युनियन आहेच की! बरोबर आहे. युनियन असली की चुका होतच नाहीत, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तपासात कामगारांनी दिलेले जबाब बघा. वेगानं काम करण्याचा दबाव होता, ज्याचं ट्रेनिंग नाही अशी कामंही करायला सांगितली जात होती, असं त्यांनी सांगितलं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं कंपनीवरच ठपका ठेवला. पुरेसं प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख यात ती कमी पडली होती.

दुसरी नजर

विमानाच्या कारखान्यात एक जण काम करतो आणि दुसरा ते तपासून सही करतो, ही जुनी शिस्त. २०१९ मध्ये बोइंगची सुमारे ९०० निरीक्षकांची पदं कमी करण्याची योजना समोर आली. तंत्र सुधारलंय, आता एवढ्या तपासण्या नकोत, असा कंपनीचा हिशेब. त्याला उघडपणे विरोध केला तो मशिनिस्टांच्या युनियननं. हीच गोष्ट एखादा फिटर एकटाच बोलला असता, तर त्याचं काय झालं असतं? युनियनची खरी किंमत इथे कळते. पगारवाढ तर हवीच, पण ‘नाही’ म्हटल्यावर नोकरी जाणार नाही, एवढा आधारही हवा.

आणि युनियन म्हणजे फक्त निळ्या डांगरीतले कामगार नाहीत. २००० मध्ये बोइंगचे इंजिनीअर आणि टेक्निशियन ४० दिवस संपावर होते. इंजिनीअरिंगच्या मित्रमैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा!

कंपनीनंही उत्तर शोधलं. २००९ मध्ये ७८७ विमानांची दुसरी असेंब्ली लाइन युनियन नसलेल्या साउथ कॅरोलिनात न्यायचं ठरलं. मग ७७७एक्सचं कामही दुसरीकडे नेऊ, या धमकीच्या सावटाखाली जानेवारी २०१४ मध्ये सिएटल भागातल्या कामगारांनी काठावरच्या बहुमतानं नवा करार स्वीकारला. त्यात जुनी पेन्शन गोठवली गेली. काम हलवण्याची भीती असली की युनियनसुद्धा वाकते, ती अशी.

तो राग बाहेर आला सप्टेंबर २०२४ मध्ये. सुमारे ३३ हजार कामगार संपावर गेले. पगार बंद. महिनाअखेरीस कंपनीचा आरोग्य विमाही बंद. युनियनच्या निधीतून तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला २५० डॉलर मिळायचे, त्यात घर कसं चालणार? तरीही आधी २५ टक्के आणि मग ३५ टक्के वाढीचा प्रस्ताव मतदानात फेटाळला गेला. ५३ दिवसांनी ३८ टक्क्यांवर तोडगा निघाला. पुढचं नवं विमान सिएटल भागातच बांधू, हे वचनही मिळालं. पेन्शन मात्र परत आली नाही. तोडग्याच्या बाजूनं ५९ टक्के मतं पडली, म्हणजे बरेच जण नाराजच होते.

आपल्याकडे काय?

‘युनियन’ म्हटलं की मुंबईत अनेक घरांत १९८२ चा गिरणी संप आठवतो. कामगारांची ती होरपळ खरी आहे, म्हणून मोठ्यांची भीतीही समजू शकते. पण अलीकडचं एक उदाहरण बघा. आपल्या वैमानिकांच्या संघटना थकव्याच्या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यानंतर २०२५ मध्ये विश्रांतीचे नवे नियम टप्प्याटप्प्यानं लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण या नियमांसाठी नियोजन कमी पडलं होतं. विमानतळावर अडकलेले प्रवासी वैतागले, ते साहजिकच. नियमांत तात्पुरती सूटही दिली गेली. पण प्रश्न उरतोच: झोप न झालेला पायलट तुम्हाला चालेल का?

तुमच्यापैकी कुणी केबिन क्रूचा कोर्स करतंय, कुणी एअरक्राफ्ट मेंटेनन्स शिकतंय, कुणाला ओझरच्या एचएएलमध्ये जायचंय. संघटना बांधण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ नं दिलाय आणि युनियनच्या नोंदणीचा अर्ज करायला किमान सात जण लागतात. तेव्हा प्लेसमेंटच्या मुलाखतीत ‘पॅकेज किती?’ हे जरूर विचारा. पण तिथे काम करणाऱ्या सीनिअरला गाठून एक गोष्ट आणखी विचारा: ‘काही चुकीचं दिसलं तर इथे बोलता येतं का आणि बोलणाऱ्याच्या मागे कोण उभं राहतं?’