सायकलपटूचा 'दम' आणि प्रशिक्षकाचे मापन

भाईंदरहून डोंगरीमार्गे उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादा सायकलपटू ताशी 30 किलोमीटर वेगाने चालला आहे, एवढ्यावरून त्याला किती श्रम पडले हे सांगता येत नाही. वारा पाठीशी असेल तर हा वेग सुखाचा, समोरून असेल तर तोच कष्टाचा होय. ही अडचण दूर करण्यासाठी क्रीडाविज्ञानाने प्रशिक्षकाच्या हाती जी साधने दिली, त्यांपैकी तिहींचा येथे विचार करू. तिसरे साधन भाषिक असल्याने भाषाभ्यासकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

पहिले साधन पॉवर मीटर. जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी 1986 च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रात, क्रँकवर पडणारा पीळ व तिच्या फिरण्याचा वेग यांवरून शक्ती वॅटमध्ये मोजली जाते. दुसरे साधन हृदयाच्या ठोक्यांची गणना. पहिले केलेले काम सांगते. दुसरे त्यापायी शरीरावर पडलेला ताण. दमट उन्हात घामाने रक्तातील द्रव घटतो आणि वॅट तेच राहूनही ठोके वाढत जातात.

तिसरे साधन म्हणजे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुनार बोर्ग यांची श्रमानुभवाची श्रेणी. तीत 6 ते 20 अंक असून 11 म्हणजे 'हलके', 13 'काहीसे जड', 15 'जड', 17 'फार जड' असे शब्द नेमले आहेत. निरोगी तरुणाने सांगितलेला अंक दहाने गुणला असता ठोक्यांची संख्या स्थूलमानाने मिळावी, अशी ही योजना. पुढे बोर्ग यांनीच 0 ते 10 अशी आटोपशीर श्रेणी रचली. अमेरिकन संशोधक कार्ल फॉस्टर यांनी तिच्या आधारे सरावाचा भार काढण्याची रीत घातली : सरावानंतर सुमारे अर्ध्या तासाने खेळाडूने सांगितलेला अंक गुणिले सरावाची मिनिटे. 90 मिनिटांच्या सरावास 5 दिल्यास भार 450, 7 दिल्यास 630. उद्या विश्रांती की चढाचा सराव, हे या फरकावर ठरते.

अर्थात शब्द चुकला की हिशेब चुकला. मराठीत 'दम लागणे' श्वासाचे, 'पाय भरून येणे' स्नायूंचे, तर 'थकणे' एकंदर शरीराचे. फारसीतून आलेल्या 'दम' शब्दाचा मूळ अर्थच श्वास. श्रेणीला अभिप्रेत आहे तो एकंदर अनुभव. म्हणून बोरघाट चढून आलेल्या मुलाला "दमलास का?" असे विचारणे अपुरे ठरते. शिवाय 'दमलो' म्हणण्यात कमीपणा वाटून तो "नाही, सर" असे उत्तर देण्याचा संभव असतो.

यास्तव प्रशिक्षकाने मराठी शब्दांची श्रेणी एकदा निश्चित करावी, ती ठोक्यांशी ताडून पाहावी आणि दररोज त्याच शब्दांत प्रश्न विचारावा. काही आठवड्यांनी, तशाच हवेत आणि तितक्याच वॅटला, तोच मुलगा 'जड' ऐवजी 'काहीसे जड' म्हणू लागला आणि ठोकेही उतरले, तर त्याची प्रगती झाली असे समजण्यास आधार मिळतो.