मिरजेचा तंबोरा : जवारी आणि ग्राहकनिष्ठा

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यनिर्मितीचे भारतातील एक प्रमुख केंद्र आहे. येथील सतार आणि तंबोरा या दोन्ही वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. हा उद्योग मोठा कारखाना कधीच झाला नाही. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे कार्यशाळा, आणि एकाच कुटुंबातील दोन-तीन पिढ्या एकाच बैठकीवर, असेच त्याचे रूप राहिले. एवढ्या लहान उद्योगाला पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा ग्राहक कसा लाभला, याचे उत्तर वाद्याच्या रचनेतच सापडते.

या व्यवसायाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात झाला. परंपरेनुसार फरीदसाहेब शिकलगार हे येथील आद्य वाद्यकार मानले जातात. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. संस्थानांच्या लढाया थांबल्या, तलवारीची मागणी ओसरली आणि धातूवर सरावलेला हात लाकडाकडे व भोपळ्याकडे वळला. पुढे ‘सतारमेकर’ हे या घराण्यांचे आडनावच झाले. मिरजेला गायकांचा सहवास लाभला, हेही तितकेच महत्त्वाचे. पं. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिक्षण घेतले ते मिरजेत. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. 1937 साली त्यांचे निधन झाल्यावर मिरजेतील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. कान इतका तयार असलेला ग्राहक कार्यशाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतो, तेव्हा दोष झाकता येत नाही. माझ्या मते मिरजेच्या वाद्याची प्रत येथेच ठरली.

तंबोऱ्याचे मुख्य भाग म्हणजे भोपळा, तबली, दांडी, खुंट्या आणि घोडी. भोपळा कडू जातीचा असतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात तो मुद्दाम वाद्यांसाठी पिकवला जातो व पूर्ण वाळल्यावरच मिरजेस येतो. त्याचे तोंड कापून त्यावर लाकडाची तबली बसवतात. आकारानुसार मर्दानी आणि जनानी असे दोन मुख्य प्रकार आहेत. पुरुष गायक सामान्यतः पेटीच्या काळी एक किंवा काळी दोन या पट्टीच्या आसपास गातात, त्यांना मोठा भोपळा व लांब दांडी लागते. काळी चारच्या आसपास गाणाऱ्या स्त्रियांसाठी वाद्य लहान असते. वादकांच्या साथीसाठी त्याहूनही लहान तंबुरी करतात. चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या आणि शेवटची खर्जाची. जोडी पोलादाची असते, खर्ज पितळी.

तथापि तंबोऱ्याचे प्राणस्थान घोडी हेच होय. तिचा माथा सपाट नसून किंचित उतरता, गोलसर असतो. कंपन पावणारी तार या उतारावर पुनःपुन्हा टेकते व सुटते, आणि तिच्यातून स्वयंभू स्वरांचा समुदाय उमटतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर सरकवताच आवाज उघडतो किंवा मिटतो. यालाच जवारी म्हणतात. खुली आणि बंद असे तिचे दोन ढोबळ भेद आहेत. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 साली या वाद्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तार जेथे छेडली जाते त्या बिंदूमुळे जे उपस्वर नियमाप्रमाणे नाहीसे व्हावेत, तेही येथे स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. शाळेची पायरी न चढलेल्या कारागिरांनी केवळ कानाने साधलेला हा उतार विज्ञानाच्या चिंतनाचा विषय झाला, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

ग्राहकनिष्ठेचे मूळही याच घोडीत आहे. वादनाने तारेची खाच घोडीवर पडते, जवारी बिघडते, आणि घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते. म्हणजे तंबोरा विकून व्यवहार संपत नाही. तेथून तो सुरू होतो. कोणत्या गायकाला खुली जवारी रुचते, कोणाचा आवाज वयपरत्वे अर्ध्या स्वराने उतरला, हे कारागिराच्या ध्यानात असते. गुरूने ज्या घरातून तंबोरा घेतला, त्याच घरी शिष्याला पाठवायचे, हा संगीतक्षेत्रातील रिवाज. त्यामुळे एक समाधानी गायक म्हणजे पुढची एक संपूर्ण शिष्यशाखा असते.

नवता आली तीही ग्राहकाच्या अडचणीतून. परदेश दौऱ्यात विमानप्रवासात भोपळा फुटू लागला, तेव्हा भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पेटीचा तंबोरा आणि दांडी सुटी करता येणारे वाद्य घडले. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांवर वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने बंदी आल्यावर शिसवी लाकूड, उंटाचे हाड व कृत्रिम पदार्थ वापरात आले. सर्वांत मोठे आव्हान होते विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याचे. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ते यंत्र सिद्ध केले. आता तर तोच स्वर मोबाईलवरही मिळतो. रियाजापुरते हे साधन सोयीचे आहे, हे मान्य करावे लागेल. पण मैफलीत गायकाच्या मागे दोन जुळलेले तंबोरेच लागतात, कारण चार तारांच्या परस्पर अनुनादातून उठणारा स्वयंभू गंधार यंत्राला अजून तितका साधलेला नाही.

आपल्या घरी भिंतीशी टेकवलेला जुना तंबोरा असेल, तर तो निरुपयोगी समजून टाकून देऊ नये. भोपळ्याला तडा नसेल, तर नव्या तारा चढवून आणि जवारी काढून तो पुन्हा बोलता होतो. मिरजेला नेताना तारा सैल कराव्यात आणि ज्याच्यासाठी वाद्य लावायचे त्या गाणाऱ्याला सोबत न्यावे.