साठवण आपल्याच ताब्यात

डेटा सुरक्षित हवा तर तो बड्या कंपनीच्याच हवाली करावा, हा समज फ्रान्समधल्या ‘दफ्लर’ या ना-नफा संस्थेच्या ‘गॅरेज’ने खोटा ठरवला आहे. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर १ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरही चालतं. मोठी फाइल साधारण १ एमबीच्या तुकड्यांत मोडून, प्रत्येक तुकड्याच्या ३ प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांवर ठेवता येतात. एका ठिकाणची वीज गेली तरी उरलेल्या दोहोंवर काम चालू राहतं.

देखभाल कोण करणार, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय चुकून पुसलेली फाइल तिन्ही ठिकाणांहून जाते, म्हणून वेगळा बॅकअप हवाच. एकट्यादुकट्याला हे जड जाईल. पण तीन ग्रंथालयांनी मिळून पेललं, तर स्कॅन केलेले दुर्मीळ अंक कुणाच्या दरवाढीवर अवलंबून राहणार नाहीत.